पगडीला दहा वर्षं कमी पडली

२६ फेब्रुवारी १९७८, रविवार

रोजनिशी सुरू. डायरी विमा एजंटने दिलेली. पहिल्या दोन महिन्यांची पानं आमच्या लेकीने, लताने, लग्नपत्रिकेचे मसुदे खरडून संपवलीत. चौदा मेला तिचं लग्न. सध्या घरात जे जे कोरं दिसेल ते लग्नाच्या कामी जातं. उरलेली पानं मी ताब्यात घेतली आहेत. कोणाला दाखवायची नाहीत. आपली प्रगती आपल्याला दिसावी, एवढ्यासाठीच.

काल धरमपेठेतल्या शाळेचं गॅदरिंग. माझ्या टोप्या स्टेजवर. पेशव्यांची पगडी भर दरबारात नाकावर उतरली. लोक हसले. मुलाचं डोकं लहान होतं, आणि माप शाळेने दिलं होतं. पगडीत दोष नव्हता. सगळ्यांत जास्त टाळ्या त्याच पगडीला पडल्या, हे कोणी बोलत नाही.

संकल्प: पहाटे उठणे. ऑफिसात टोप्यांविषयी न बोलणे. तिथे कदर नाही. पुठ्ठा आणि बेगड कायमचे बंद. यापुढे कापड, जर आणि पिसं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे उठलो नाही. ऑफिसात टोप्यांविषयी बोललो. हेडक्लार्क म्हणाले, तुमच्या टेबलावरची फाईल वर सरकेल अशी एखादी टोपी शिवा. सगळे हसले. पंचवीस वर्षं अशा माणसांत काढली.

संध्याकाळी नाना म्हणाले, विसू, सीमांतपूजनाला पगडी तुला घालायची आहे, एकदा डोक्यावर बसवून बघ. नव्वद वर्षांची पगडी. आजोबा मालगुजार जमीनदाराकडे कारकून लागले तेव्हा महालातल्या पगडबंदाकडून बांधून घेतलेली. घरातल्या मुलीचं लग्न असलं की मुलीच्या बापाने घालायची, जावयाचे पाय धुवायचे, परत गोल पेटीत. आजोबांनी यमुआत्याच्या लग्नात घातली, नानांनी माझ्या बहिणींच्या. दसरा झाला की नाना ती सावलीत वारा द्यायला काढतात, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलतात, मलमलीत गुंडाळतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. बांधणारा केव्हाच गेला. त्याची मुलं रेल्वेत लागली.

मी म्हटलं, नाना, मी सफारी शिवायला टाकला आहे. सफारीवर पगडी म्हणजे स्कूटरवर अंबारी. नाना काही बोलले नाहीत. नाना कधीच काही बोलत नाहीत. माझ्या कलेबद्दलही त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही. चांगला नाही आणि वाईटही नाही.

२ मार्च, गुरुवार

मोठी बातमी आहे.

आमचा चपराशी कवडू नरखेडकडचा. रजेवरून आज आला तोच मिरवत. म्हणे, साहेब, आमच्या गावाले शिनिमावाले आले ना जी! मालगुजारीच्या काळचा हिंदी सिनेमा. गावातल्या लोकांना गर्दीत उभं करायचं होतं. पण शूटिंग म्हटल्यावर अख्खा गाव लग्नाला निघाल्यासारखा पांढराशुभ्र होऊन आला. केसांना तेल, कपड्याला इस्त्री. डायरेक्टरने कपाळावर हात मारला. कंपनीकडे धोतरं-बंड्या आहेत, पण त्याही कोऱ्या करकरीत. त्या जुन्या, गरीब दिसायला हव्यात. करणारा माणूस मुंबईत आजारी पडला.

मी विचारलं, माझं नाव सांगितलंस का? कवडू म्हणे, सांगतलं ना जी. म्हटलं आमचे साहेब नव्याचं जुनं भल्ले करतात. त्यायच्या टेबलावर कोरी फाईल ठेवा, उचलताना जुनी झाली राहते.

कवडू भोळा आहे.

५ मार्च, रविवार

पहाटे उठलो (संकल्प सुरू). एसटीने गेलो. संत्र्याच्या बागेला लागून एक मोडका चौसोपी वाडा आहे, तो त्यांचा मालगुजाराचा वाडा. तिथे सक्सेना भेटला. हा कंपनीचा कपड्यांचा साहेब. वय माझ्या निम्मं, गळ्यात रुमाल. माझ्या टोप्यांचे फोटो दाखवले. बराच वेळ पेशव्यांच्या पगडीकडे बघत होता. मग म्हणाला, ठीक है, कपडे ले जाइए, बाद में देखेंगे. पगड्याही लागतील म्हणाला.

म्हणजे पारखलं. मुंबईच्या माणसाला एका नजरेत कळतं.

गाठोडं घेऊन परतलो. कवडू स्टँडपर्यंत सोडायला आला. म्हणे, कोरं धोतर खराब करता काहून जी? आमच्या घरी जुनी पडली हायेत, कुत्रंही बसत नाही त्यावर. मी त्याला समजावलं. जुनं होणं वेगळं आणि कलेने जुनं करणं वेगळं. कवडू म्हणाला, हो जी. त्याला कळलं नाही.

९ मार्च, गुरुवार

पोटाच्या विकाराची रजा टाकली. सर्टिफिकेट मिळालं.

गच्चीवर कामाला लागलो. प्रयोग पहिला: चहाचं पाणी. डाग पडतात, पण चहाचे वाटतात. प्रयोग दुसरा: विहिरीत टाकायचं लाल औषध. रंग पुष्कळ येतो. माझ्या हातांनाही आला. प्रयोग तिसरा: बंडीच्या कॉलरवर टाच घासायची वज्री. वज्री झिजली. मग किसणी. किसणी उत्तम. एका बंडीत अशी काही गरिबी उतरली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

उत्तरा म्हणाली, अहो, किसणी शोधून राहिली मी सकाळपासून, वर काय करून राहिलात? दाखवली बंडी. ती म्हणाली, घरात लग्न आहे, दारावर तोरण बांधायचं की ही चिरगुटं? बायकांना टेक्श्चर कळत नाही.

दुपारी कार्डं छापायला टाकली: विश्वनाथ, कॉस्च्युम एक्स्पर्ट, नागपूर व मुंबई. मुंबई आता फक्त राहायचीच बाकी आहे.

१८ मार्च, शनिवार

कामाचा वेग कमी आहे. एका धोतराला गरीब व्हायला तीन दिवस लागतात. गाठोडं तसंच आहे. बोटांची सालं गेली. हळद घातलेलं लोणी लावून बसलो आहे. कलावंताला एकट्याने झिजवणं परवडत नाही. काहीतरी मोठी योजना पाहिजे.

२१ मार्च, मंगळवार

योजना सुचली! शनिवारी धुळवड आहे. त्या दिवशी सगळं नागपूर एकमेकांचे कपडे फुकटात जुने करतं. चिखल, राख, ओढाओढ, फाडाफाडी. गल्लीतल्या लोकांना धोतरं-बंड्या वाटायच्या. संध्याकाळी जमा करायच्या. वर्षभराची झीज एका सकाळी. हे मुंबईवाल्यांच्या डोक्यात शंभर वर्षं आलं नसतं.

२५ मार्च, शनिवार. धुळवड

गल्लीने मनापासून साथ दिली. फुकट कपडे म्हटल्यावर पलीकडच्या गल्लीतलेही आले. सगळे सारखे दिसत होते, सिनेमासारखे. मी स्वतः रंगाच्या पिंपाजवळ उभा राहून सूचना देत होतो, तर मलाच पिंपात घातलं. सहन केलं.

कपडे गोळा केले. झीज अप्रतिम.

२७ मार्च, सोमवार

झीज अप्रतिम, पण रंग जात नाही. कपडे दोनदा उकळले. गुलाबी होते ते जांभळे झाले आणि हिरव्याचं काय झालं ते सांगता येत नाही. काहींवर चांदीचं वॉर्निश आहे. या वर्षी बाजारात फारच पक्का रंग आलेला दिसतो. माल उत्तम निघाला हा काही माझा दोष नव्हे.

उत्तरा म्हणाली, मालगुजाराच्या काळात गरीब लोक गुलाबी राहत होते का? सगळे कपडे काळ्या चहात बुडवले. पाहू.

२ एप्रिल, रविवार

आजचा दिवस लिहायचा नव्हता. पण प्रगतीच्या दृष्टीने लिहितो.

सक्सेनाने गाठोडं सोडलं. एक धोतर दोन बोटांत धरून उन्हाकडे केलं. युनिटमधली सगळी माणसं जमा झाली. मग तो शांतपणे म्हणाला, गाववालों को बोलो, जो खेत में पहनते हैं वही पहन के आओ. बस्स. तीन आठवड्यांची मेहनत एका वाक्यात निकालात. कवडू जवळच होता, पण काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पगड्या दाखवल्या. पुठ्ठ्याच्या (संकल्पाआधी आणलेला पुठ्ठा शिल्लक होता). त्याने टिचकी मारली. आवाज आला. हसला. म्हणाला, असली चीज चाहिए, पुरानी, खानदानी. क्लोजअप है.

क्लोजअप!

मी ताडकन म्हणालो, माझ्या घरी आहे. असली. नव्वद वर्षांची.

सक्सेना पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला. म्हणाला, तो पहले क्यों नहीं बोले?

३ एप्रिल, सोमवार

नाना दुपारी झोपले असताना पेटी काढली. नानांना सांगणारच आहे. पण आधी सक्सेनाची पसंती येऊ दे, उगाच त्यांना का त्रास. पिशवीत घालून दुपारच्या गाडीने गेलो.

सक्सेनाने मलमल उघडली. पगडी फिरवून फिरवून पाहिली. लाल रंग अजून तसाच, जरीचा काठ तसाच, एक घडी इकडची तिकडे नाही. म्हणाला, ये तो नई लगती है.

मी म्हटलं, नव्वद वर्षांची आहे. तो म्हणाला, होगी, पर दिखती नहीं. सौ साल की दिखनी चाहिए.

मला हसू आलं. एवढंच? नव्वद वर्षांची पगडी शंभर वर्षांची करायची. म्हणजे फक्त दहा वर्षांचं काम. एका दिवसात आटपेल.

५ एप्रिल, बुधवार

हात लावायच्या आधी जरा बसलो. उगाचच. पगडीला वेखंडाचा वास आहे. लहानपणी दसऱ्यानंतर घरभर हा वास असायचा आणि आम्हा मुलांना त्या खोलीत जायची मनाई असायची. असो. कलावंताने भावनेत अडकू नये.

हलकं काम करायचं ठरवलं. थोडासा चहा, थोडी राख. अगदी वरवर.

६ एप्रिल, गुरुवार

वरवर काही दिसत नाही. जुन्या लोकांचा रंग फार पक्का. किसणी घेतली. एकदा घेतली की थांबायचं कुठे ते समजत नाही. जर मधूनमधून निघाली, ते झकास दिसतं. लाल औषधाने मागची बाजू तपकिरी झाली. एक घडी सुटली. टाके आतून घेतलेले आहेत, कुठून कुठे गेलेत काही पत्ता लागत नाही. डिंकाने चिकटवली. कोणाच्या बापाला कळणार नाही.

शंभर सोडा, दीडशे वर्षांची दिसते आहे. आता नानांना सांगायला हरकत नाही. उद्या सांगतो.

९ एप्रिल, रविवार

सांगायचं राहिलं. पाहुण्यांच्या यादीवरून उत्तरा आणि लताचं वाजलं, त्यात वेळ गेला. शिवाय मला एक चांगलं सुचलं आहे. नानांना मंगळवारी शूटिंगलाच न्यायचं. स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. आपल्या घराण्याची वस्तू, सिनेमाच्या पडद्यावर, माझ्या हातून. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं काही पाहिलेलं नाही. आता पाहतील, आणि काहीतरी बोलावंच लागेल.

११ एप्रिल, मंगळवार

ऊन मरणाचं. एसटीत नानांना खिडकी मिळाली. काळी टोपी, कोट, काठी. मी म्हटलं, नाना, एक गंमत दाखवणार आहे. ते म्हणाले, बरं.

कवडूने बागेत खाट टाकली, सावलीत. संत्री आणून दिली. म्हणाला, बाबासाहेब, तुमच्या पोरानं बनवलं ते आज शिनिमात येऊन राहिलं. नाना थोडे हसलेसुद्धा.

सीन मला तिथे जाऊन समजला. मालगुजाराची इस्टेट जप्त होते. साहेबाचा शिपाई त्याच्या डोक्यावरची पगडी काठीने उडवतो आणि बुटाने लाथाडतो. पगडी धुळीतून घरंगळत कॅमेऱ्यापर्यंत येते. तोच क्लोजअप. नट नाहीच. बूट घातलेला माणूसही नट नव्हता, लाईटवाला होता. पडद्यावर फक्त बूट आणि पगडी. हिरोलासुद्धा एवढी जागा मिळत नसेल.

पहिल्या लाथेला पगडी नीट घरंगळली नाही. दुसऱ्या वेळी बाजूला गेली. तिसऱ्या वेळी डिंक सुटला आणि घडी लोंबायला लागली. डायरेक्टरसाहेब ओरडले, वा, यही चाहिए, फिर से! मी खाटेकडे पाहिलं. नानांनी पगडी ओळखलेली होती. कधी ओळखली ते मला दिसलं नाही.

पुढच्या लाथेला ते उठले. काठी टेकत सरळ कॅमेऱ्यासमोर गेले. कोणी अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं असेल, दुसऱ्या कोणी पाठवलं. खाली वाकले. त्यांना वाकवत नाही. पगडी उचलली, कोटाच्या बाहीने पुसली आणि छातीशी धरून उभे राहिले.

डायरेक्टरसाहेब आधी भडकले. मग खुर्चीवरून उठून म्हणाले, कौन हैं ये? यही रखो! फिर से करवाओ!

मी धावत गेलो. म्हटलं, नाना, तुमचं काम पसंत पडलं! पुन्हा एकदा करायचं, अगदी असंच.

नाना म्हणाले, म्हणजे पुन्हा खाली ठेवायची का?

मी म्हटलं, अर्थात. रीटेक आहे.

त्यांनी पगडी माझ्या हातात दिली. म्हणाले, मग तू ठेव.

ठेवली. चुन्याची खूण होती, त्यावर बरोबर. नाना खाटेवर जाऊन बसले ते पुन्हा उठले नाहीत. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्याला उभं केलं. त्याला नानांसारखं जमलं नाही. लोक हातची संधी अशी घालवतात. आयुष्यात एकदा सिनेमा दारात आला होता आणि हे रुसून बसले.

परतताना एसटीत त्यांनी कवडूने दिलेलं संत्रं सोललं आणि सगळ्या फोडी मला दिल्या. मी खाल्ल्या. दुपारपासून उपाशीच होतो.

१२ एप्रिल, बुधवार

नाना काही बोलले नाहीत. राग असता तर बोलले असते. म्हणजे राग नाही.

उत्तराला कळलं. तिने ताट वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर उभी राहिली. मग म्हणाली, तुम्हाला विचारावंसंही वाटलं नाही का हो? मी म्हटलं, पगडीला इतक्या वर्षांत पेटीबाहेर कोणी काढलं होतं? मी तिला लोकांपुढे आणलं. ती म्हणाली, आणलं खरं.

२३ एप्रिल, रविवार

युनिट गेलं. निरोप नाही, मोबदल्याचं नाव नाही. मुंबईला पत्र टाकलं आहे. मोठ्या कंपन्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो.

कवडूने पगडी आणून दिली, गोणपाटात बांधून. म्हणे, वाड्यामागं पडली होती जी, गाय तोंड लावून राहिली होती, म्हणून उचलली. त्याने घरी नेऊन ओल्या फडक्याने पुसलीसुद्धा होती. त्यामुळे उरलासुरला रंगही पसरला. पण त्याचा हेतू चांगला.

संकल्प: लग्नापर्यंत पगडी पहिल्यासारखी करणे. ज्याला नवं जुनं करता येतं त्याला जुनं नवंही करता येतंच. उलट्या क्रमाने करायचं, झालं.

३० एप्रिल, रविवार

एका सैल टाक्यापासून सुरुवात केली. तो कापला. दुसरा आपोआप सुटला. मग कुठलाच थांबेना. बघता बघता पगडीची पगडी राहिली नाही. नुसतं कापड, अरुंद, लांबच लांब, या खोलीतून त्या खोलीत. एवढं कापड त्या एवढ्याशा पगडीत कसं मावलं होतं कोण जाणे. मधोमध किसणीची भोकं.

मी दुसरं टोक शोधत होतो, तर ते दारात नानांच्या पायाशी होतं. किती वेळ उभे होते माहीत नाही. त्यांनी टोक उचललं. मी माझं धरलं. उत्तरा आणि मी चादरीची घालतो तशी आम्ही घडी घालत घालत जवळ आलो. अगदी जवळ आल्यावर त्यांनी माझ्या हातून टोक घेतलं, शेवटची घडी घातली आणि कापड पेटीत ठेवून झाकण लावलं.

मी म्हटलं, नाना, मी नवी बांधून देतो. त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

७ मे, रविवार

नवी बांधायला घेतली होती. पुठ्ठ्यावर. लता म्हणाली, बाबा, नका ना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नाआधी मुली हळव्या होतात.

मुंबईचं पत्र नाही. कार्डं छापून आली. मुंबईचा अनुस्वार राहून गेला आहे.

१५ मे, सोमवार

लग्न पार पडलं. सफारी सगळ्यांनी वाखाणला. म्हणजे दोघांनी. आहेर कोणाचा ते लक्षात राहावं म्हणून उत्तराने माझ्या कार्डांच्या पाठीवर नावं लिहिली. कार्डं संपली. काही का होईना, उपयोगी पडली.

सीमांतपूजनाचं लिहून ठेवतो.

गुरुजी म्हणाले, यजमान, बोडक्या डोक्याने पूजा कशी करणार, टोपी घाला. टोपी मी आणलीच नव्हती. मी, नागपुरातल्या टोपीवाल्याने! आमचे व्याही गणपतराव अमरावतीचे, हौशी माणूस. मोठ्याने म्हणाले, अहो, तुमच्या घरची ती आजोबांची पगडी कुठे आहे? आम्ही वऱ्हाडात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो माहीत नाही. नव्वद, शंभर, क्लोजअप, काहीतरी आलं असतं तोंडात.

माझ्याआधी नाना म्हणाले, कसर लागली हो तिला. माझंच लक्ष राहिलं नाही. म्हातारपण.

नव्वद वर्षं त्या पगडीला कसर लागली नव्हती. नाना कधी खोटं बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख बदलायला मास्तर तयार होते तरी त्यांनी बदलू दिली नव्हती. त्यामुळेच मी चार वर्षं आधी रिटायर होणार आहे. आणि भर मांडवात व्याह्यांसमोर हे.

मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची काळी टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. घट्ट बसली. तेलाचा वास. त्या टोपीला पुढच्या बाजूला, रोज सकाळी अंगठ्याने धरून घालतात तिथे, झिजून झिजून चकाकी आलेली आहे. मला हे काम करून दाखव म्हटलं असतं तर जमलं नसतं. किसणीने येत नाही ते.

जावयाचे पाय धुतले. नाना बाजूच्या खुर्चीवर उघड्या डोक्याने बसून होते. त्यांचं डोकं मी उजेडात कधी पाहिलं नव्हतं. फार लहान दिसलं.

गुरुजींना पाणी घाला म्हणून दोनदा सांगावं लागलं. पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.

१८ फेब्रुवारी १९७९, रविवार

बऱ्याच महिन्यांनी लिहितो आहे. लिहिण्यासारखं काही नव्हतं. मुंबईचं उत्तर नाही. या वर्षी शाळेने टोप्या बाहेरून आणल्या.

सिनेमा बर्डीवरच्या थिएटरात लागला. उत्तरा आणि मी गेलो. लता-जावई अमरावतीहून आले. कवडूही बायकोला घेऊन आला. नाना म्हणाले, तुम्ही जा, मी घर सांभाळतो.

वाडा आला. संत्र्याची बाग आली. कवडूचा भाऊ एकदा बैलाच्या मागे दिसला, तेव्हा कवडूने शिट्ट्या मारल्या. मग जप्ती आली. साहेब कागद वाचतो, मालगुजार मान खाली घालतो आणि पुढचा सीन थेट कोर्टातला. माझ्या पगडीचा सीन कापला. मालगुजाराच्या डोक्यावरही साधा फेटाच होता. इंटरव्हलमध्ये कवडू म्हणाला, पुढं असन जी, मागची गोष्ट पुढंही दाखवतात कधी. मी शेवटपर्यंत बसलो. नावांच्या पाट्या संपून पडद्यावर पांढरं आलं तरी बसलो. झाडूवाला आला तेव्हा उत्तराने दंडाला धरून उठवलं.

घरी आलो. नाना खुर्चीतच होते. डोक्यावर टोपी. म्हणाले, दिसली का रे?

उत्तरा सरळ स्वयंपाकघरात गेली. जावयांचं तोंड उघडत होतं, लताने त्यांचा हात धरला.

मी म्हटलं, हो नाना, दिसली. मोठी. सगळा पडदाभर.

नाना म्हणाले, लोक काय म्हणाले?

मी म्हटलं, कोणीतरी मागे म्हणत होतं, काय काम आहे, असली बांधणी आता होत नाही.

बरं झालं, नाना म्हणाले. मग टोपी काढून खुंटीला अडकवली आणि पान वाढा म्हणाले.

हे तसं खोटं नव्हे. क्लोजअप तर काढलाच होता.